केरबाला सगळं येतं

एका गावात एक भोळा केरबा होता. भोळा हे गावानं दिलेलं नाव. आई चिडली की दुसरं नाव घ्यायची, ते इथं सांगण्यासारखं नाही.

अंगानं धडधाकट होता. स्वभावानं गायीहून गरीब. आणि त्याला सगळं येत होतं. पोहता येत होतं, चिंचेच्या शेंड्यापर्यंत चढता येत होतं, दोर वळता येत होता, बैल जुंपता येत होते. येत नव्हतं ते एवढंच, की येणारी गोष्ट करायची कधी.

त्याची आई बायजाक्का आता थकली होती. केरबाचं लग्न व्हावं, एवढाच तिचा देवाकडं धोशा होता. शेजारणीला ती म्हणायची, "मी गेले तर ह्यो ताटाफुडं बसंल आणि कुणीतरी जेव म्हणायची वाट बघत उपाशी मरंल." ती हसत म्हणायची. शेजारीण हसायची नाही, कारण ते खरं होतं.

नदीपलीकडच्या गावात भैरू गुळव्या राहायचा. गुळव्या म्हणजे गुऱ्हाळावर गूळ रांधणारा मुख्य माणूस. काहील, म्हणजे रसाची भली मोठी कढई, चुलीवरून कधी उतरवायची हे तो ठरवणार. भैरूच्या हातचा गूळ म्हणजे पंचक्रोशीत नाव. त्याची मुलगी हौसा लग्नाची होती. कुणीतरी मध्ये पडलं, आणि दसरा झाल्यावर भैरू मुलगा बघायला निघाला.

नदी अजून भरलेली होती. भैरू नावेतून येत होता. डोक्याला नवाकोरा पटका बांधला होता. काठ जवळ आला आणि वारा सुटला. पटका उडाला तो थेट पाण्यात. काठावर एक जवान गडी पाय सोडून बसला होता.

भैरू नावेतून ओरडला, "ए पोरा! पवता येतं का तुला?"

"येतं की!" गडी म्हणाला.

पटका त्याच्यासमोरून वाहत चालला.

"चांगलं येतं का?"

"ह्या काठापास्नं त्या काठाला, दम न घेता."

पटका वळणावर पोचला. तिथं तो जरा घुटमळला, आणि मग दिसेनासा झाला.

"मग बसलास का, मुडद्या?"

गडी बुचकळ्यात पडला. "तुमी इचारलं, मी सांगितलं. अजून काय इचारायचंय का?"

बोडक्या डोक्यानं भैरू बायजाक्काच्या घरी पोचला. चहा झाला. मुलगा कुठाय म्हणून विचारलं, तर दारातून तोच गडी आत आला. भैरू बराच वेळ कपातल्या गाळाकडं बघत बसला. मग उठता उठता म्हणाला, "पोरगं खोटं बोलत न्हाई, एवढं कळलं. बाकीचं हंगामात बघू. गुऱ्हाळ सुरू झालं की चार दिवस माझ्याकडं धाडा. मला जावई कामाचा पायजे. काय कामाचा हाय ते डोळ्यानं बघीन आणि मग हो-न्हाई सांगीन."

तो गेल्यावर बायजाक्कानं कपाळावर हात मारला. "अरं माझ्या लेकरा, कुणी येतं का म्हणून इचारलं की तोंडानं सांगायचं नसतं! करून दाखवायचं!"

"बरं," केरबा म्हणाला. त्यानं ते मनात पक्कं बांधून ठेवलं.

हंगाम आला. नदी उतरली, गाड्या पाण्यातून जाऊ लागल्या. केरबा भैरूच्या गुऱ्हाळावर दाखल झाला. तिथं ऊस पिळणारा चरक फिरत होता, चुलवाण पेटलं होतं, काहिलीत रस उकळत होता. आल्यागेल्याला तांब्याभर रस मिळत होता. गुऱ्हाळावर आलेला माणूस रस न पिता जाऊ द्यायचा नाही, अशी रीतच आहे.

मांडवाच्या कडेला बाजेवर भैरूचा म्हातारा बाप पडलेला असायचा. त्याला सगळे आज्जा म्हणत. आज्जाला खोकला होता, आणि बोलायला माणूस नव्हता. केरबा समोर आला तसा आज्जा खूश झाला.

"ये बाबा. माझं आता काय खरं न्हाई," आज्जा म्हणाला. "जायची भीती न्हाई मला. पर अलीकडच्या पोरांस्नी तिरडी धड बांधता येत न्हाई. परवा एकाला नेला, तर वाटंत तीन येळा सुटली. तुला येती का रं तिरडी बांधता?"

येते, असं केरबाच्या अगदी ओठावर आलं होतं. पण त्याला आईचं बोलणं आठवलं. त्यानं तोंड मिटलं आणि उठून गेला.

बांबूच्या बेटातून त्यानं दोन लांब बांबू तोडून आणले. आडव्या कामट्या लावल्या. सुंभानं एकेक गाठ आवळली. वर कडबा अंथरला. मग मांडवातून एक मडकंही मागून आणलं, आणि सगळं नीट बाजेशेजारी मांडून ठेवलं. आज्जाला तोवर डुलकी लागली होती.

एवढ्यात हौसा आणि घरच्या बायका भाकऱ्यांच्या पाट्या घेऊन आल्या. त्यांनी तिरडी बघितली. आज्जाला डोळे मिटलेला बघितला. पाट्या खाली ठेवून त्यांनी जो गळा काढला, तो गावात ऐकू गेला. गाव धावत आलं. न्हावी आला. एकजण लाकडं सांगायला निघालासुद्धा.

गोंगाटानं आज्जा जागा झाला. उठून बसला. "कोण गेलं रं?"

"तुमीच, आज्जा," केरबा म्हणाला.

"मी? आणि मला कुणी उठवलं न्हाई?"

बायकांचं रडणं एकदम थांबलं. हौसाला मात्र हसू आवरेना. ती पदर तोंडात कोंबून उसाच्या मोळ्यांमागं जाऊन बसली आणि तिथून मोळ्या हलताना दिसत राहिल्या.

आज्जा बाजेवरून उतरला. तिरडीभोवती फिरला. गाठी ओढून बघितल्या. एकही सुटेना. "झकास!" तो म्हणाला. "ही मोडू नका. माळ्यावर ठेवा. माझी हाय."

भैरूचा राग मात्र मस्तकात गेला होता. "अरं, येळ-काळ काय असती का न्हाई? कुठलंबी काम करायच्या आदी माणसानं इचारावं, आत्ता करू का नंतर? समजलं?"

"समजलं," केरबा म्हणाला. हेही त्यानं पक्कं बांधून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी वारा होता. चुलवाणातली ठिणगी उडाली ती वाळलेल्या चिपाडाच्या ढिगावर. चिपाड म्हणजे रस काढलेला ऊस. चुलीचं सगळं जळण तेच. ढिगाला सर्वात जवळ केरबाच उभा होता. हातात पाण्यानं भरलेली बादली होती.

"पेटलं! केरबा, इझव!" भैरू काहिलीवरून ओरडला.

केरबा अदबीनं पुढं आला. "मामा, आत्ता इझवू, का नंतर?"

भैरूच्या तोंडातून शब्दच फुटेना. तो नुसता हात नाचवू लागला. हात नाचवण्याचा अर्थ आत्ता की नंतर, हे केरबाला कळेना. तो थांबून राहिला. अर्धा ढीग गेल्यावर भैरूला वाचा फुटली. "आत्ता! आत्ता! आत्ता!"

तेव्हा केरबानं लगेच बादली ओतली. आग जरा दबली. इतक्यात हौसानं सगळ्यांसाठी हाळी दिली, "भाकऱ्या आल्या, चला!" केरबानं बादली खाली ठेवली आणि जेवायला गेला. मागं आग पुन्हा उठली आणि उरलेला ढीगही गेला.

संध्याकाळी भैरूनं त्याला समोर बसवलं. त्याचा आवाज बसला होता. "हे बघ केरबा. हातात घेतलेलं काम पुरं झाल्याबिगर सोडायचं न्हाई. मधी कुणी हाक मारू दे, न्हाईतर देव आडवा येऊ दे. सोडायचं न्हाई म्हंजे न्हाई."

"न्हाई सोडणार, मामा," केरबा म्हणाला. आणि तो शब्दाचा पक्का होता, हेच तर सगळ्यांचं दुर्दैव.

रात्री हौसानं त्याच्या ताटात भाकरी वाढली. "पावणं, आज्जाच्या तिरडीच्या गाठी कुणी शिकवल्या?" तिनं विचारलं.

"बानं. मी लहान असताना." केरबा थांबला. "पैली त्याचीच बांधली."

हौसा या वेळी हसली नाही. तिनं आणखी एक भाकरी वाढली आणि वर गुळाचा खडा ठेवला. केरबाला ती फार आवडली होती. पण आवडली का, असं त्याला कुणी विचारलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी उसनं चिपाड आणून चुलवाण पेटवलं, आणि भैरूनं त्याला काहिलीजवळ उभं केलं. व्यापारी गूळ न्यायला यायचा होता. भैरूनं केरबाच्या हातात लाकडी फावडं दिलं. "निस्तं ढवळत ऱ्हा. खाली लागू द्यायचं न्हाई."

केरबा ढवळू लागला. अगदी सुरेख ढवळत होता. रस आटला, घट्ट झाला, सोन्यासारखा पिवळा झाला. भैरूनं थोडा पाक गार पाण्यात टाकला, बोटांनी गोळी वळून बघितली, आणि हात वर केला. "आला! उतरवा!"

गडी कडेनं पुढं झाले. केरबा ढवळतच होता.

"केरबा, बाजूला हो!"

"काम पुरं झालं न्हाई, मामा."

"अरं झालं! गूळ झाला!"

"गूळ झाला आसंल. ढवळणं कुठं झालंय? अजून काहिलीत हाय की."

गड्यांनी त्याला ओढलं. त्यानं फावडं सोडलं नाही. भैरूनं पाया पडून बघितलं. देव आडवा आला तरी सोडायचं नाही हे केरबाला माहीत होतं, आणि भैरू काही देव नव्हता. पिवळ्याचा तांबडा झाला, तांबड्याचा काळा झाला, धूर निघाला. मग केरबाचे हात आपोआप थांबले, कारण फावडं आत घट्ट रुतून बसलं होतं. पुढं ते पहारीनं फोडून काढावं लागलं. व्यापारी आला, त्यानं काहिलीत डोकावलं, आणि हा डांबराचा धंदा कधी सुरू केला म्हणून विचारलं.

भैरू गुळव्या खाली बसला. उभ्या जन्मात त्याची काहील कधी लागली नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. केरबालाही रडू येत होतं. आईला काय सांगायचं, हे त्याला कळत नव्हतं.

"जा बाबा तू," भैरू म्हणाला. "तुझ्या आईला सांग, न्हाई जमत. तुला एक काहील सांबाळता येत न्हाई." मग त्याचा राग पुन्हा वर आला, आणि सगळ्यांच्या देखत तो ओरडला, "तुला बायकू नांदवता येणार हाय का? सांग की! येतं का तुला नांदवता?"

केरबाचं रडू थांबलं.

त्यानं तोंडानं काही सांगितलं नाही. डोळे पुसले, फाटक्या सदऱ्याला हात पुसले. मग अदबीनं एवढंच विचारलं, "आत्ता, का नंतर?"

"आत्ता!" भैरू किंचाळला. "आत्ताच नांदव! बघू तर दे!"

केरबा वळला. हौसा पाटी घेऊन उभी होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "येतीस का?"

हौसाला आजवर कितीतरी जण बघून गेले होते. तुला भाकरी येते का, शिवता येतं का, गाणं येतं का, असं सगळ्यांनी तिला विचारलं होतं. तिला नांदवता येईल का, हे मात्र त्यांच्यातल्या एकालाही कुणी विचारलं नव्हतं. आणि विचारल्यावर लगेच कामाला लागलेला तर हा पहिलाच. हौसानं बापाकडं बघितलं. आज्जाकडं बघितलं. आज्जानं खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. हौसानं पाटी खाली ठेवली आणि चालू लागली. केरबा मागून निघाला.

ते नदीत उतरून पलीकडं पोचले तरी गुऱ्हाळावर कुणाला काही सुचलं नाही.

बायजाक्का अंगण झाडत होती. तिनं दोघांना बघितलं आणि तिच्या हातातला झाडू गळून पडला. "केरबा, कुणाची लेक आणलीस?"

"मामांची. त्यांनीच सांगितलं."

थोड्या वेळानं भैरू आला. बरोबर काठ्या घेतलेली माणसं होती, आणि गाडीत आज्जा होता. तो मागं राहायला तयार नव्हता. घरात हौसा चुलीपुढं बसली होती. केरबा तिच्यासाठी पाणी भरत होता.

"सोड माझ्या पोरीला!" भैरू गरजला.

"धरलंय कुणी, आबा?" हौसा आतून म्हणाली. "नांदव म्हणून तुमीच सांगितलंसा. गाव साक्षीला होतं."

केरबानं घागर खाली ठेवली नाही. "मामा, काम पुरं झाल्याबिगर सोडायचं न्हाई. तुमीच शिकवलं."

"आणि कधी पुरं होणार हे काम?"

केरबा विचारात पडला. घागर खांद्यावर होती, पाणी पाठीवर सांडत होतं. "ढवळायचं रस सपला की सपतं," तो म्हणाला. "हे कधी सपतं, मला ठावं न्हाई. मला वाटतं, हे सपत नसावं."

माणसांनी काठ्या खाली टेकवल्या. बायजाक्कानं डोळ्यांना पदर लावला.

गाडीतून आज्जा म्हणाला, "दे रं भैरू पोरगी. गाठ मी वडून बघितलीया. सुटत न्हाई."

भैरूनं मान हलवली. पण लग्न रीतसर व्हायला हवं, मांडव पडायला हवा, मुलगी आपल्या दारातून जायला हवी, यावर तो अडून बसला. हंगाम संपला की लग्न, असं ठरलं. हौसाला तो परत घेऊन निघाला. केरबाचं तोंड पडलं. हातातलं काम अर्धंच राहत होतं.

गाडीत चढताना हौसाला त्याचा चेहरा बघवेना. ती त्याच्या कानाशी म्हणाली, "मी परत येस्तवर चालू ठेवा."

"बरं," केरबा म्हणाला.

चैत्रात मांडव पडला. इकडं केरबाला हळद लागली. हळद लागली तीही घागरी भरता भरताच, कारण तो काम सोडून पाटावर बसेना. लग्नाच्या दिवशी पहाटे बायजाक्का बायकांबरोबर पुढं गेली. नवरदेवाला मागच्या गाडीतून घेऊन या, असं तिनं चार पुरुषांना बजावलं होतं.

तिकडं मांडव भरला. वाजंत्री वाजू लागली. भटजींनी घड्याळ बघितलं. दुपारी गाडी आली. गाडीत चार पुरुष होते. नवरदेव नव्हता.

"केरबा कुठाय?" भैरूनं विचारलं.

"नवरदेव कामात हाय," त्यातला एकजण म्हणाला.

"कसल्या कामात?"

"नांदवतोय. दोन घागरी भरल्यात, दोन ताटं वाढल्यात. एका ताटाफुडं आपण बसलाय आणि दुसऱ्या ताटाला माशी बसू देत न्हाई. चल म्हटलं, तर म्हणतो, ती येस्तवर चालू ठेवायला सांगितलंय. ती आल्याबिगर उठता येत न्हाई."

"अरं, ती येणार कशी? लगीन लागल्यावरच येणार न्हवं!"

"आमी तेच म्हटलं. तो म्हणाला, बरं, लगीन लागलं की पाठवून द्या."

बायजाक्का मटकन खाली बसली. भैरूनं पटका काढला आणि त्यानंच वारा घेऊ लागला. मुहूर्त टळत चालला होता, आणि मुहूर्त टळला तर या मांडवात पुन्हा कोण येणार होतं? पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. एकटा आज्जा तेवढा शांत होता.

तेवढ्यात मुंडावळ्या बांधलेली हौसा आतून बाहेर आली. दोन्ही हार तिच्या हातात होते.

"चूक माझीच हाय," ती म्हणाली. "त्यास्नी मीच सांगितलं." आणि ती जाऊन मोकळ्या गाडीत बसली. "हाका."

गाडी सुटली. मागून भैरू, त्यामागं बायजाक्का, त्यामागं वाजंत्री, आणि मुठीत अक्षता धरून सगळं वऱ्हाड पळू लागलं. सर्वात मागं भटजी, एका हातात पोथी आणि दुसऱ्या हातात धोतर. नदीत सगळे गुडघाभर भिजले. ताशावाल्यानं ताशा डोक्यावर घेतला.

गाडी दारात थांबली. हौसा आत गेली. केरबा ताटापुढं बसला होता. हळदीनं पिवळा झाला होता, उपाशी होता. सकाळपासून त्यानं घास घेतला नव्हता, कारण रोज समोरच्या ताटावर बसणारी आईही आज नव्हती.

त्यानं वर बघितलं. "आलीस?"

"आले."

केरबानं मोठा श्वास सोडला. पण उठला नाही. पुढं काय करायचं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेर गलका जवळ येत होता. हौसा त्याच्यासमोर उभी राहिली. त्याच्याशी कसं बोलायचं, हे साऱ्या गावात तिला एकटीलाच कळलं होतं. एक हार त्याच्या हातात देत ती म्हणाली, "पावणं, लगीन करता येतं का तुमाला?"

केरबा तोंडानं काही बोलला नाही. उभा राहिला आणि त्यानं हार तिच्या गळ्यात घातला. तिनं आपल्या हातातला त्याच्या गळ्यात घातला. मग दोघं ताटांवर बसले आणि जेवू लागले.

तेव्हा वऱ्हाडातून वाट काढत भटजी दारात पोचले. चौकटीला धरून ते धापा टाकू लागले. त्यांच्या मागं सगळं वऱ्हाड ओल्या पायांनी उभं होतं.

"अरे, थांब! थांब!" भटजी ओरडले. "मंगलाष्टकं म्हणायची राहिलीत!"

केरबानं हातातला घास खाली ठेवला. चांगल्या घरचा मुलगा तो. अदबीनं उठून उभा राहिला.

"म्हणा की," तो म्हणाला. "आत्ता म्हणता, का नंतर?"